करपलेली सरकी

निकितानं तव्यावर कापसाची मूठभर सरकी टाकली आणि दाराकडं कान लावला. आजी, शकुबाई, भजनाला गेली होती. तासभर तरी येत नाही, एवढाच काय तो आधार. आज दुसरा दिवस. कंबर नुसती फाटून चालली होती. पण या घरात बाहेर बसलेल्या पोरीनं चार दिवस चुलीला हात लावायचा नाही म्हणजे नाही!

आई होती तेव्हा बरं होतं. आजीची पाठ फिरली की ती सरकी गरम करायची, जुन्या लुगड्याच्या पुरचुंडीत बांधून निकिताच्या ओटीपोटाला शेक द्यायची, दुसऱ्या हातानं कंबर चोळायची. "आजीले सांगू नको वं," म्हणायची. आईला जाऊन वर्ष झालं. शाळेत आलेल्या नर्सबाईंनीही शेकच घ्यायला सांगितला. तो देणारं माणूस कुठून आणायचं, ते मात्र सांगितलं नाही. या चार दिवसांत निकिताला कोणी शिवतसुद्धा नव्हतं.

कळ आली. ती पोट धरून भिंतीला टेकली, आणि तेवढ्यात सरकी करपली. घरभर धूर झाला.

भजन लवकर आटोपलं होतं. दारात शकुबाई उभी!

चूल बाटली ती बाटलीच, पण आता गेलेल्या आईचंही नाव निघणार. म्हातारी मेलेल्या माणसालाही सोडायची नाही.

"म्याच केलं, आजी. मले कोणी नाही शिकवलं."

शकुबाईनं तवा उतरवला, करपलेली सरकी अंगणात फेकली.

"तुह्या मायच्या हातून कधी करपली नाही," ती म्हणाली.

निकितानं मान वर केली.

"तुले ठाऊक होतं?"

"वासानं समजते नं, पोरी. म्हणून तं तुही माय होती तवा हळूहळू येत होती मी भजनातून."

शकुबाईनं चुलीत दोन पऱ्हाट्या सारल्या. नवी सरकी टाकली, हलवत राहिली, पुरचुंडी बांधली. निकितानं सवयीनं ओंजळ पुढं केली. या दिवसांत तिला सगळं वरूनच टाकलं जायचं, भाकरीसुद्धा.

पुरचुंडी वरून पडली नाही.

"कुशीवर हो," म्हातारी तिच्याजवळ बसत म्हणाली. तिचा खरबरीत हात निकिताच्या कमरेवर टेकला. "इथंच दुखते नं?"

निकितानं तो हात धरून थोडा खाली सरकवला.