लाल मातीवर पांढरी वाळू

सेइतोकू आपल्या मातीला दिवसातून चारदा तरी शिव्या घालायचा. पाऊस पडला की ती तांबडी चिकणमाती चपलांना अशी धरायची, की घरी पोचेपर्यंत एकेका पायाला तीन-तीन चपलांचं वजन आलेलं असायचं. चार दिवस ऊन लागलं की तीच माती विटेसारखी कडक व्हायची आणि कुदळ टण्णकन उलटी यायची. धुवून धुवून सदरा कधी पांढरा झाला नाही. कोबी लावला तर पिवळा पडायचा, मुळा करंगळीपुढे जायचा नाही. "आंबट आहे मेली, नुसती आंबट!" असं म्हणत तो थुंकायचा. पण दुसऱ्या कुणी तिला नाव ठेवलेलं मात्र त्याला खपत नसे.

त्याची सून तोमी हे पहिल्याच आठवड्यात शिकली. हे गाव जपानच्या ओकिनावा बेटावर उत्तरेच्या डोंगरात, ती पार दक्षिण टोकाची. तिकडे मातीखाली प्रवाळाचा, चुन्याचा दगड, आणि कारली-दोडके मांडवावर मावत नाहीत. जेवताना ती सहज बोलून गेली, "बाबा, आमच्याकडच्या मातीत एवढा मोठा कोबी होतो."

सेइतोकूने वाटी खाली ठेवली. "आमच्याकडच्या म्हणजे? तुझं 'आमच्याकडे' आता कुठे आहे?"

त्यानंतर तिने मातीचा विषय काढला नाही. नवरा मोरिओ नागो शहरात रस्त्याच्या कामावर, रविवारी तेवढा घरी. सासूला जाऊन तीन वर्षं झालेली. उरलेले सहा दिवस घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक फारसं न बोलणारं. संध्याकाळी शेजारचा ताइरा आवामोरीची, तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन आला की मगच घराला कंठ फुटायचा. चाळीस वर्षं ते दोघे रोज भांडत होते आणि रोज एकत्र बसत होते.

त्या सुमाराला टेकड्यांवर अननसाचं वेड आलं होतं. जिथे रताळ्यांनीही हात टेकले होते, तिथे अननस तरारून यायचा. का येतो, हे गावात कुणी विचारलं नाही; येतोय ना, झालं तर मग! ताइराचा मेहुणा इशिगाकी बेटावरून नव्या जातीची रोपं घेऊन आला. ताइराने त्यातली चाळीस सेइतोकूला दिली. सेइतोकूने घरामागे, विहिरीजवळ वाफा केला, रोपं लावली आणि तोमीला म्हणाला, "यांच्याकडे तू बघायचं."

लग्नाला सहा-सात महिने झाले होते. या घरातली भांडी, कपडे, चूल तिच्याकडे आली होती. पण ती सुनेकडे येतातच. वाफा मात्र त्याने स्वतः तिच्या हाती दिला होता. त्या दिवशी तोमीने मोरिओला पत्र लिहिलं. रविवारी तो येणारच होता, तरी लिहिलं.

नववर्ष आलं. सणाआधी समुद्रावरून पांढरीशुभ्र वाळू आणून अंगणात पसरायची, ही त्या बेटावरची जुनी रीत. ती वाळू म्हणजे सगळा प्रवाळाचा चुरा. सासू गेल्यापासून या घराच्या अंगणात वाळू पडली नव्हती. तोमीने कावड खांद्यावर घेऊन बावीस खेपा केल्या. मागे विहिरीपाशी, सासूबाईंनी लावलेल्या हायड्रेंजियाच्या फुलझुडपाशी वाळूचा ढीग घातला आणि तिथून पुढचं अंगण सारवल्यासारखं पांढरं केलं. तरी वाळू उरली. वाफ्याकडे तिचं लक्ष गेलं. सणाच्या दिवशी सगळं घर नटलंय आणि या बिचाऱ्यांनीच का चिखलात बसावं? उरलेली सगळी वाळू तिने रोपांच्या बुडाशी घातली, हाताने सारखी केली.

सकाळी सेइतोकू मागे आला. कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिला. मग घसा खाकरला आणि गेला. संध्याकाळी मात्र ताइराला सांगताना तिने ऐकलं, "सूनबाईच्या हाताला टापटीप आहे हो." तोमीला त्या रात्री सणाच्या गोडाची गरजच लागली नाही, पोट आधीच भरलं होतं.

पावसाने वाळू हळूहळू मातीत जिरली आणि सगळे तिला विसरले.

एप्रिलमध्ये रोपांची नवी पानं फिकट यायला लागली. आधी पिवळसर, मग पांढुरकी. शिरा तेवढ्या हिरव्या. तोमीने शेणखत घातलं, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं. काही उपयोग नाही. टेकडीवरची इतरांची जुनी रोपं तर मस्त गर्द हिरवी! सेइतोकूने एक रोप उपटून मुळं पाहिली, कीड सापडली नाही. मग त्याने आपल्या पद्धतीने शोध लावला.

"रोगट रोपं माझ्या गळ्यात मारलीस!" तो ताइराला फाटकातच म्हणाला. "चांगली स्वतःला ठेवलीस."

"माझी एकाच टोपलीतली आहेत, येऊन बघ!"

"बघितली. हिरवीगार आहेत. म्हणूनच म्हणतोय."

"चाळीस वर्षांत मला एवढंच ओळखलंस होय?" ताइरा म्हणाला. तो बाटली घेऊन तसाच परत गेला.

त्यानंतर संध्याकाळी कुणी येईना. सेइतोकू ओसरीवर एकटा बसायचा, काळ्या गुळाचा खडा तोंडात धरून, आणि रस्त्यावर पावलं वाजली की मुद्दाम दुसरीकडे बघायचा. तोमीला ते बघवत नव्हतं. रोपं तिच्या हवाली होती. ती गेली तर तिचा मान जाणार होता, हे तर होतंच. पण म्हाताऱ्याची संध्याकाळ गेली होती, ते तिला जास्त लागत होतं.

मे महिन्यात, एका सकाळी ती पाणी काढायला विहिरीवर गेली. सासूबाईंचं झुडूप फुललं होतं, छान गुलाबी. माहेरच्या कुंपणासारखं. तिला क्षणभर बरं वाटलं. घागर भरली, उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. गेल्या वर्षी ती नवी नवरी होती तेव्हा याच झुडपाला निळी फुलं होती. निळीच! "आमच्याकडे गुलाबी असतात," असं म्हणायला आलेलं वाक्य तिने तेव्हा गिळलं होतं. गावात आजही सगळ्यांच्या दारची निळीच होती. ती झुडपाला वळसा घालून गेली. पलीकडच्या अंगाची फुलं निळीच होती. गुलाबी होती ती फक्त अलीकडची, जिथे तिने वाळूचा ढीग घातला होता.

म्हणजे आंबट मातीत हे झुडूप निळं फुलतं आणि प्रवाळाच्या मातीत गुलाबी. माहेरी सगळी जमीनच प्रवाळाची, तिथे अननस कुणी लावत नाही. लावून बघितला होता काकांनी एकदा. असाच पांढरा पडून गेला होता. अननसाला आंबटच माती लागते, आणि तिने आपल्या हाताने बावीस खेपांची वाळू आणून तिचा आंबटपणा मारला होता.

सेइतोकू नेमका तेव्हाच कुदळ घेऊन मागे आला. "बाजूला हो. उपटून त्याच्या फाटकात नेऊन टाकतो सगळी."

"बाबा, टाकू नका. रोपं चांगली आहेत. माझ्या वाळूनं झालंय." आणि मग थांबता येईना म्हणून तिने फुलं दाखवली, ढिगाची जागा दाखवली, काकांचं सांगितलं. "ताइराकाकांचं काही चुकलं नाही. मला काय बोलायचं ते बोला."

सेइतोकू झुडपाशी गेला. गुलाबी फुलाकडे बघितलं, निळ्याकडे बघितलं. मग कुदळ खांद्यावर टाकून म्हणाला, "चल."

ताइरा आपल्या अंगणात टोपली विणत होता. मान वर न करता म्हणाला, "कुदळ आणलीस? माझंच थडगं खणायला?"

"चुकलं," सेइतोकू म्हणाला. "रोपांवर वाळू घातली गेली. मी घातली."

"त्यांनी नाही, मी घातली!" तोमी म्हणाली.

"तू गप्प बस. मी सकाळी उभा राहून बघितली ना? साठ वर्षं या मातीत लोळलोय, कळायला नको? म्हणजे मीच घातली."

"नाही बाबा, मी—"

"अरे, आधी दोघं भांडून घ्या, मग मला बोलवा!" ताइराने टोपली बाजूला टाकली. तो तोमीकडे वळला. "पोरी, चाळीस वर्षांत याच्या तोंडून 'चुकलं' मी ऐकलं नाही. याच्या बायकोनं हात टेकले होते. तू काय खायला घालतेस याला?"

तोमीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिने पदर नसल्यामुळे बाहीने पुसलं.

तिघं वाफ्याशी आले. ताइराने एक रोप उपटलं, झटकलं, मुळं बोटांनी साफ तोडून टाकली आणि रोप वळचणीला उलटं टांगलं. तोमी ते काढून घ्यायला पुढे झाली.

"मरत नाही ते," ताइरा म्हणाला. "हा काय भात आहे? महिनाभर असं टांगलं तरी जगतो. मग नव्या जागी लावा, नवी मुळं फुटतात. फक्त ती जागा आंबट हवी."

चाळीसही रोपं वळचणीला लागली तेव्हा दुपार झाली होती. सेइतोकूने कुदळ तिच्यापुढे धरली.

"नवी जागा तू ठरव."

तोमीने कुदळ घेतली आणि टेकडी चढू लागली. दोन्ही म्हातारे मागून कुरबुरत आले. चांगल्या उतारावर ती थांबली नाही. पार वर, जिथे नेच्याशिवाय काही उगवत नव्हतं आणि माती रक्तासारखी लाल होती, तिथे तिने कुदळ टेकली.

"इथे?" सेइतोकू धापा टाकत म्हणाला. "अगं, इथे माझ्या बापालाही काही पिकवता आलं नाही. आख्ख्या डोंगरात याच्याइतकी नालायक माती नाही."

"म्हणूनच, बाबा," तोमी म्हणाली. "आपल्याकडची सगळ्यात चांगली जागा हीच आहे."

सेइतोकू पहिल्यांदाच मातीला शिवी न देता खाली वाकला आणि नेचा उपटू लागला.