पहिली काठी

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात सोसायटीच्या गोदामात एक पोतं उरलं नव्हतं, म्हणून तर ते रिकामं गोदाम भारत सरांना कराटेच्या वर्गाला मिळालं. सर शाळेत पीटी घ्यायचे. कराटेतली शोतोकान पद्धत औरंगाबादला शिकून आलेले. पाच पोरी, आयांच्या जुन्या लुगड्यांच्या काठांचे पट्टे. जमिनीवर बोटभर धूळ, आणि सडा टाकायला पाणी कुठलं?

"ओकिनावा म्हणून बेट हाय," सर सांगायचे. "तिथं म्हणे लोकांची हत्यारं काढून घेतली, तवा त्यांनी रिकामे हात तयार केले. पुढं एका शाळामास्तरानं ते कराटे जपानात नेलं. नमस्कारानं सुरू, नमस्कारानं शेवट. आन् पहिला वार आपला न्हाई."

म्हणून त्यांचा पहिला काताही अडवण्यानं सुरू व्हायचा. काता म्हणजे न दिसणाऱ्या माणसाशी ठरलेल्या पावलांची लढत. जिथून निघायचं तिथंच येऊन थांबायचं.

"सर, समोर कुणी न्हाईच, तर अडवायचं कुणाला?" पाचांतली मंजुळा हसून विचारायची.

गावानं उत्तर दिलं: समोर सटवा असतो. सटवा गोदामाचा राखणदार. बहात्तर साली लोक धान्यावर चालून आले, तेव्हा दारातच काठी बसून गेला. त्याच्या उजव्या पायाला अंगठा नव्हता. ती काठी कोणाची, ते कधी कुणी बोललं नाही.

कुजबुज वाढली तसे सोसायटीचे चेअरमन मोहनराव म्हणाले, "उद्यापासून कुलूप."

पोरींना चार भिंतींची दुसरी जागा गावात नव्हती. मंजुळा पुढं झाली. "काका, भरदुपारी मला एकटीला आत कोंडा. धुळीत माझ्याबिगर कुणाचं पाऊल दिसलं, तर खुशाल लावा कुलूप."

"लई शहाणी हायेस," मोहनराव म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन आले.

तिनं गोणपाटानं धूळ सारखी केली. दार बंद झालं. वर पत्रे तडतडत होते. भीतीनं तिला घाई सुटली. ना नमस्कार, ना अडवणं, तिनं सरळ ठोसाच हाणला.

समोर कुणीतरी कण्हलं. धुळीत दोन पावलं उमटली, मागं सरकलेली.

तिनं दाराकडे पाहिलं. दार ठोठावलं तर वर्ग गेला. तिनं टाचा जुळवल्या, वाकली. "चुकलं माझं," पुटपुटली आणि अडवण्यापासून सुरुवात केली. ती पुढं गेली की समोरची पावलं मागं जात, ती वळली की वळत. एकदाही तिला काही लागलं नाही. निघाली होती तिथंच येऊन ती थांबली, वाकली.

दार उघडलं. मोहनरावांची नजर खाली गेली. तिच्या पावलांसमोर दुसरी पावलं होती, आणि उजव्याला चारच बोटं.

गेला वर्ग, मंजुळाला वाटलं.

मोहनराव उंबऱ्याबाहेरच थबकले. "त्यानं हात उगारला नव्हता," ते म्हणाले. मंजुळाला नव्हे, धुळीला. "दोन्ही हात आडवे धरून उभा व्हता. पहिली काठी माझी."

त्यांनी चपला काढल्या आणि पोरी वाकायच्या तसे वाकले. दोघांच्या देखत धुळीतली ती पावलं सरकली, टाचेला टाच जुळली.

मोहनरावांनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि तापलेल्या फुफाट्यातून अनवाणीच घराकडे निघाले. त्यांच्या चपला पुढं कितीतरी दिवस गोदामाच्या दाराशी होत्या. पोरी त्यांच्याशेजारीच आपल्या काढून ठेवायच्या.