बावीस अंशांचं पाणी

फैसलची बोट दोन दिवसांसाठी पॅसिफिक महासागरातल्या सामोआच्या बंदराला लागली होती आणि आज दुपारी तो तिथल्या धबधब्याखालच्या डोहात पोहायला जाणार होता. तिथली दुपार म्हणजे कतारमधल्या दोहा शहरातली पहाट. लग्नाला चौदा महिने झाले होते आणि त्यातले एकेचाळीस दिवस दोघं एका घरात राहिली होती. सबीहाने ठरवलं, आज त्याच्याबरोबर आपणही पाण्यात उतरायचं.

दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या तिच्या दोन खोल्यांत उतरण्याजोगं पाणी बादलीभरच. पण सबीहा पिण्याचं पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये केमिस्ट होती. फैसलने डोहाचं तापमान सांगायचं, तिने बादलीतलं पाणी तेवढंच गार करायचं, पाय बुडवायचे आणि डोळे मिटायचे. ऑगस्टात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटेसुद्धा तापलेलंच असतं. म्हणून इथे सगळे गीझर बंद ठेवतात. घरातल्या गारव्यात थांबलेलं त्यातलं पाणी निवतं आणि गरमच्या नळाला गार पाणी येतं. अठ्ठावीस अंशांचं दहा लिटर पाणी बाविसावर आणायला साधारण सहाशे ग्रॅम बर्फ. तो तिने आदल्या दिवशीच लावून ठेवला होता.

मनात मात्र वेगळंच चाललं होतं. कंपनीने फैसलला आणखी चार महिने बोटीवर थांबतोस का म्हणून विचारलं होतं. आज संध्याकाळच्या आत कॅप्टनला उत्तर द्यायचं होतं. ‘तू सांग, काय करू?’ असा त्याचा मेसेज कालपासून तसाच पडून होता. तिला एकच शब्द सांगायचा होता, पण तो या घरात चालत नव्हता. फैसलचे अब्बा, चुलते, सगळे बोटीवरचे. दर्यावर असलेल्या माणसाला घरून ‘ये’ म्हणायचं नाही. त्याचं मन कामावरून उडतं, मशीनवर हात चुकतो. रत्नागिरीहून राहायला आलेल्या तिच्या सासूने, जाहिदाने, हे परवाच पुन्हा बजावलं होतं.

सबीहाने बादली लावून गरमचा नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. पाण्यातून वाफा येत होत्या.

“अम्मी, गीझर कुणी लावला?”

“मी लावला.” जाहिदा नमाजाच्या जानमाजची घडी घालत होती. “नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसले तर गरमच्या नळाला गार पाणी. म्हटलं, पोर बटण दाबायला विसरली. एवढी शिकलीस गो, नि साधं पाणी तापवता येत नाय?”

“अम्मी, इथे उन्हाळ्यात उलटं असतं.”

“इथलं सगळंच उलटं. सून कामाला जाते नि सासू डबा भरते.”

फोन वाजला. सबीहाने टाकीच्या नळाचं कोमट पाणी घेतलं, होता नव्हता तेवढा बर्फ त्यात ओतला आणि थर्मामीटर बुडवून स्टुलावर बसली.

पडद्यावर आधी नुसतं हिरवं दिसलं. मग काळा कातळ आणि त्यावरून सुटलेलं पाणी. पाण्याचा एक पांढरा पुंजका कड्यावरून निघून खाली पोचेपर्यंत तिने सेकंद मोजले. दोन. म्हणजे वीसेक मीटर, हवेचा अडथळा सोडून. डोह मधोमध गडद निळा होता, कडेला इतका नितळ की तळाचे गोटे वेगवेगळे दिसत होते. फैसल गळ्यापर्यंत पाण्यात होता. आधीपेक्षा वाळला होता.

“घे, बावीस! चीफ विचारत होता, इंजिन रूमचा थर्मामीटर कुठे नेतोस? म्हटलं, घरून ऑर्डर आहे. तुझं किती?”

तिने वाकून पाहिलं. साडेबत्तीस. बावीस म्हटलं असतं तर त्याला कुठे कळणार होतं? पण न दिसलेला आकडा तिने आजवर कधी लिहिला नव्हता.

“साडेबत्तीस,” ती म्हणाली. “बर्फ संपला. नाही जमलं, फैसल.”

“जाऊ दे गं, पुढच्या वेळी जमेल.”

“पुढच्या वेळी म्हणजे कधी?”

त्याने तोंडावरून ओला हात फिरवला. जाहिदा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. सबीहाने तिला पाहिलं, तरी बोलायची थांबली नाही.

“ये,” ती म्हणाली. “चार महिने नको. तू ये.”

“अम्मी आहे का तिथे?” फैसलने हळूच विचारलं.

“आहे.” जाहिदाने कप खाली ठेवले. “तुझ्या अब्बांना मी सव्वीस वर्षं असं म्हटलं नाय. त्यांनीही कधी विचारलं नाय. हिने म्हटलंय, तर तिला जबाब दे. नि आधी बाहेर निघ, दगड बुळबुळीत दिसतायत.”

तो कडेला येऊन कॅप्टनला मेसेज टाइप करू लागला. तेवढा वेळ पडद्यावर ओली पानं आणि आभाळाचा एक तुकडा उलटा दिसत होता.

“पाठवलं. नाही म्हणून कळवलं. बारा सप्टेंबरला सिंगापूरला उतरतो, तेराला तुझ्याकडे. इन्शाल्ला.”

छत्तीस दिवस. सबीहाने लगेच मोजले. “फोन दगडावर ठेव,” ती म्हणाली, “नि पोहून घे. आम्ही बघतो.”

तो संथ हात मारत धबधब्याकडे गेला. चित्र दोनदा अडकलं, पुन्हा हललं. जाहिदा दुसरं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली आणि पडद्याकडे वाकली.

“केवढं पाणी गो,” ती म्हणाली.

“अम्मी, सव्वीस वर्षांत एकदाही तुम्हाला ‘या’ म्हणावंसं—”

“चाय पी,” जाहिदा म्हणाली. “थंड होतेय.”