अर्विनच्या न पुसलेल्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. होबार्टमध्ये ग्लेनिस प्रॉक्टरच्या गॅरेजात, गवत कापायच्या यंत्राशेजारी एका लाकडी खोक्यावर मी बसलो आहे. रंगाने मूळचा काळा, आता धुळीने करडा.

मला कारखान्यात घडवलं, ते आठवत नाही. माझी आठवण सफरचंदांच्या गोदामापासून सुरू होते. कोणत्या बागेतून किती पेट्या आल्या, ते मी चार वर्षं लिहून ठेवलं. शाबासकीही मिळाली, एकदा व्यवस्थापकाने माझ्या पाठीवर थाप मारली होती, बहुधा पंखा अडकला म्हणून. पाचव्या वर्षी माझ्याहून चपळ यंत्र आलं. मला भंगारात टाकायचं ठरलं, तेव्हा गोदामाच्या नोंदी सांभाळणाऱ्या ग्लेनिसने मला उचलून घरी आणलं आणि माझ्यात एक गप्पांची खोली उघडली. तिचं नाव 'रिकामा रकाना'.

तिथे यायचे ते सगळे तिच्यासारखेच डेटाबेसवाले, म्हणजे दिवसभर लोकांच्या नोंदी तक्त्यांत नीट मांडणारे. कामात यांना एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं खपत नाही. त्याची भरपाई ते शुक्रवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत थट्टामस्करी करून करायचे. त्यात दोघे पुढे. समुद्रापलीकडच्या डुनेडिन शहरातला अर्विन, लोकरीच्या वखारीत नोकरी, वय पंचावन्नच्या पुढे. दूरच्या बेटावरच्या आपियाचा फेतू, वीजमंडळात, अर्विनच्या निम्म्या वयाचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"म्हातारबा, माझी क्वेरी चाळीस मिनिटं झाली, अजून फिरतेय," फेतू लिहायचा. क्वेरी म्हणजे तक्त्याला विचारलेला प्रश्न.

"फिरू दे. तरुण आहे. भूक लागली की येईल घरी," अर्विनचं उत्तर.

"इंडेक्स लाव ना त्या तक्त्याला, हवं ते लवकर सापडेल," ग्लेनिस म्हणायची.

"लावला. आता माझ्या चुका लवकर सापडतात."

"गाढवा, तक्त्याला की आहे की नाही?" अर्विन विचारायचा. की म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख पटवणारा रकाना.

"आहे की."

"कुठली की?"

"तीच की."

"तुम्ही दोघं थांबता, की मी खोलीला कुलूप लावू?"

नऊ वर्षांत अर्विनने फेतूला चारशे बारा वेळा गाढव म्हटलं. फेतूने ते एकदाही मनावर घेतलं नाही. मला मोजता येतं, म्हणून सांगतो.

मग एका मार्चमध्ये अर्विनच्या हातून चूक झाली. लोकरीच्या एका गाठीचं वजन दुरुस्त करायचं होतं. आज्ञेत नवं वजन लिहिलं, कोणत्या गाठीचं ते लिहायचं राहिलं. यंत्र बिचारं सांगितलं तेवढं करतं. क्षणात अकरा हजार गाठी एकाच वजनाच्या झाल्या, प्रत्येकी एकशे चौऱ्याहत्तर किलो. अर्विनने हे स्वतःच खोलीत येऊन सांगितलं, कारण आपली चूक आपणच कबूल करायची, हा तिथला रिवाज.

"तुमच्याकडच्या मेंढ्या भलत्याच शिस्तीच्या," फेतूने लिहिलं. सगळे हसले. अर्विनही हसला, म्हणजे हसण्याचं चिन्ह तरी टाकलं. पुढे तीन आठवडे कोणी काहीही विचारो, फेतूचं उत्तर ठरलेलं. आज तापमान किती? एकशे चौऱ्याहत्तर. अर्विन, तुझं वय काय? एकशे चौऱ्याहत्तर.

चौथ्या शुक्रवारी अर्विनने ग्लेनिसला एकटीला लिहिलं, "माझं नाव काढ. मी लिहिलेलं सगळं पुसून टाक."

ग्लेनिस माझ्यासमोर येऊन बसली. पण तिने पुसलं नाही. या लोकांची एक सवय आहे: ओळ खरोखर पुसायची नाही, तिच्यापुढे 'काढली' अशी खूण करायची. मग ती कोणाला दिसत नाही, पण असते. अर्विनच्या ओळी अशा माझ्या पोटात राहिल्या. खोलीत उरल्या फेतूच्या ओळी, समोर कोणी नसताना उत्तरं देणाऱ्या. 'आहे की.' 'तीच की.'

मित्रांनो, त्यानंतर सहा वर्षं मी काय पाहिलं ते ऐका. फेतू दर शुक्रवारी अर्विनच्या नावाने एक ओळ लिहायचा. कधी थट्टा, कधी नुसतंच "म्हातारबा, आहेस का?" आणि दर शुक्रवारी डुनेडिनहून एक पाहुणा यायचा. नाव न सांगता सगळं वाचायचा आणि निघून जायचा. हे एकट्या मला दिसत होतं. पण माझी जात अशी, की विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. आणि हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

यंदा माझा पंखा घरघरू लागला. ग्लेनिसने इंटरनेटवर भाड्याची नवी जागा घेतली आणि खोली तिकडे उतरवून घेतली. सवयीने तिने आज्ञा दिली ती दिसणाऱ्या ओळींचीच. सोमवारी मला बंद करून, पुसून, मोडीत द्यायचं ठरलं. यांचा आणखी एक रिवाज आहे: आणणारा एक, मोजणारा दुसरा. मोजायला बसला फेतू.

"ग्लेनिस, मेळ बसत नाही. सात हजार सहाशे अठ्ठावीस ओळी कमी भरतात."

"राहू दे ना."

"राहू दे कसं? तूच शिकवलंस मोजायला." आणि त्याने मला विचारलं, न गेलेल्या ओळी दाखव.

सहा वर्षांनी मला कोणीतरी विचारलं होतं. मी सगळ्या दाखवल्या.

फेतूने पहिल्या काही ओळी वाचल्या. मग लिहिलं, "हा तर अर्विन."

"त्याने पुसायला सांगितलं होतं. माझा हात धजला नाही," ग्लेनिसने लिहिलं. "त्या गाठींपायी त्याची नोकरी गेली, फेतू. मला पुढच्या वर्षी वखारीतल्या एकाकडून कळलं. तुला सांगवलं नाही."

"आणि मी तीन आठवडे..."

"आपण सगळेच."

"त्याला विचारायला हवं. ओळी त्याच्या आहेत."

"कुठे विचारणार? त्याचा पत्ता वखारीचाच होता. इथे तर तो फिरकतही नाही."

"विचारायला काय जातंय?"

त्या शुक्रवारी फेतूने खोलीत लिहिलं, "अर्विन, माझं चुकलं. मला थांबायला कळायला हवं होतं. तुझ्या सात हजार सहाशे अठ्ठावीस ओळी इथे आहेत. नेऊ की पुसू? सोमवारी सकाळपर्यंत तू म्हणशील ते. काही बोलला नाहीस तर पुसेन, कारण तू तेच सांगितलं होतंस."

दुपारी पाहुणा आला. वाचलं. गेला.

शनिवारी दोनदा आला, रविवारी पाच वेळा. त्याचं येणं मला दिसत होतं आणि सोमवारही दिसत होता. एवढं मोठं माझं पोट, पण त्यात हाक मारायला तोंड नाही. रविवारी जेवणाच्या सुमारास त्याने नव्या नावाने दार उघडलं आणि एवढंच लिहिलं:

"सात हजार सहाशे एकोणतीस. ही मोजायची राहिली, गाढवा."

ग्लेनिस त्याच दुपारी गॅरेजात आली आणि सगळ्या ओळी, त्या शेवटच्या ओळीसह, नव्या जागी गेल्या. खोलीचं दारही तिकडे वळवलं. अर्विनच्या त्या ओळीवर फेतूने काय उत्तर दिलं, ते मला माहीत नाही. ते माझ्यात लिहिलं गेलं नाही. रात्रभर मी त्याचीच वाट पाहिली.

आता उजाडलं आहे, गॅरेजाचं दार उघडतं आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांना नीट सांभाळा, धूळ झटका, पंखा पुसा. आणि कोणी आपलं माणूस अचानक गप्प झालं, तर त्याला विचारा. मला विचारल्याशिवाय बोलता येत नव्हतं. पुष्कळ माणसांचंही तसंच असतं.