टाकलं

गल्लीत तिला सगळे चेनवाली मावशी म्हणत. पँटची असो की दप्तराची, अडकलेली चेन तिच्या हाताखाली मुकाट्याने चालू लागे. माणसांशी बोलायचं म्हटलं की मात्र तिची दातखीळ बसे. म्हणून आठवडाभर ती शिलाई मशीनसमोर बसून एकच वाक्य घोकत होती: ‘मी तुला सोडलं नव्हतं.’ एकतीस वर्षांनी लेक परदेशातून येणार होती आणि तिला एवढंच कळायला हवं होतं.

लेक आली ती उंचीपुरी, परक्या वासाची. सोबत दुभाष्या. त्या बाबाने आपली भाषा पुस्तकातून गिरवलेली. दारातच म्हणाला, “आपण आसनस्थ व्हावे.” एरवी चेनवाली पोट धरून हसली असती.

लेकीची हनुवटी हुबेहूब तिच्या वडिलांची. ती पाहिली आणि चेनवालीचं घोकलेलं वाक्य पार उडालं. रोजच्या बोलीतलंच तोंडातून बाहेर पडलं.

“तुला टाकलं ना, तेव्हा अडीच वर्षांची होतीस गं.”

दुभाष्या अडखळला. खात्री करायला त्याने हवेतली काल्पनिक वस्तू उचलली आणि कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या टोपलीत भिरकावली. “असे?”

“अगं बाई, नाही! तसं नाही हो!” चेनवालीच्या तोंडचं पाणी पळालं. “शाळेत टाकतात ना पोरांना, तसं. संस्थेत टाकलं. मला क्षय झाला होता, हिचे वडील आधीच गेलेले. बरी झाले की नेणार होते. वर्षाने गेले, तर हिच्या खाटेवर दुसरीच पोर! हिला परस्पर परदेशी दत्तक दिलेलं!”

दुभाष्याने सांगितलं. जमेल तेवढं सांगितलं असावं, कारण त्याच्या कपाळावर घाम आला होता. लेकीने शांतपणे पिशवीतून एक कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथेही तेच लिहिले आहे,” दुभाष्या म्हणाला. “मातेने अपत्याचा त्याग केला. खाली आपला अंगठा.”

अंगठा तिचाच होता. संस्थेतल्या बाईंनी शाईची डबी पुढे करून म्हटलं होतं, ‘भरतीचा कागद आहे, उठवा.’ तिने उठवला होता. वाचता येत असतं तर त्या बाईंचे हात मोडले असते तिने.

“तो भरतीचा कागद होता! देवाशप्पथ!”

हेही सांगून झालं. लेक हसली, एखाद्या लहान पोराची थाप ऐकून मोठ्यांनी हसावं तशी. मग तिने डोळे पुसले आणि हळू आवाजात काहीतरी बोलली.

“त्या म्हणतात, त्यांनी आपल्याला क्षमा केली आहे.”

कशाबद्दल, असं चेनवालीच्या अगदी ओठांवर आलं. अंगाची लाही लाही झाली. पण लेक उठून उभी होती, दोन्ही हात पसरून. आता वाद घातला तर ते हात खाली जातील, हे कळायला तिला दुभाष्या लागला नाही.

“होय गं,” ती म्हणाली. “चुकलं माझं. टाकलं मी तुला.”

एवढं मात्र त्याने अगदी बिनचूक सांगितलं.