पाठमोरी

"यारु?" मनस्विनीने विचारलं, आणि साउंडवाल्या माणसाने कानांवरचे हेडफोन ओरबाडून काढले.

"कट!" दिग्दर्शक प्रणीत खुर्चीतून उठला. "अगं बाई, तुझा दीर दारात उभा आहे. देवनहळ्ळीच्या किल्ल्यावर नाही. 'कोण?' एवढंच विचारायचंय. हळू. स्वल्प हळू."

सगळं युनिट हसलं. मनस्विनीही हसली. दुसरी एखादी मुलगी लाजेने अर्धमेली झाली असती, पण ही पहाटेपासून इतकी खुशीत होती की बोलणीसुद्धा प्रसादासारखी घेत होती. सिनेमा होता हो! खराखुरा कन्नड सिनेमा! मेकअपच्या खोलीच्या दाराला तिच्या नावाचा कागद चिकटवलेला होता. दोन वेळा ती काही कारण काढून त्या दारावरून जाऊन आली होती आणि तिसऱ्यांदा सरळ फोटोच काढून घेतला.

आवाजाचं म्हणाल, तर तो दोष तिचा नव्हता. नाट्यशाळेत तीन वर्षं एकच धोशा लावलेला: शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू गेलं पाहिजे. इथे शेवटची रांग म्हणजे डोक्यावर वीतभर अंतरावर लोंबणारा माइक. त्या बिचाऱ्याचे कान बसले.

भूमिका तरी केवढी? गिरिजा नावाची बाई. स्वयंपाकघरात चपात्या लाटतेय. दारात दीर येतो आणि सांगतो की तुझा नवरा कारखान्यात अपघातात गेला. गिरिजेला दोन शब्द: दिराची चाहूल लागल्यावर "यारु?" आणि बातमी ऐकल्यावर "यावाग?" कोण आणि कधी. संपलं. पण या दोन शब्दांसाठी तिने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. आंघोळीला जाताना "यारु", भाजी निवडताना "यावाग". शेवटी भाऊ वैतागला. "अक्का, दारावरची बेल काढून टाकूया, तूच आहेस," म्हणाला.

हा भाऊ, हर्ष, वयाने लहान पण घरातला कर्ता. आयटीत होता. बहिणीसाठी त्याने आपल्या कंपनीत सोमवारचा इंटरव्ह्यू ठरवून ठेवला होता. आणि आई? आई मॉनिटरशेजारी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून, बँकेत नंबर लागायची वाट बघावी तशी. चामराजपेठेतलं हे घराणं. पूर्वज म्हणे शहाजीराजांच्या मागोमाग इकडे कन्नड मुलखात आले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून घरात कारकून झाले, मास्तर झाले, एक ऑडिटरही झाला, पण तोंडाला रंग कुणी लावला नव्हता. नवरा गेल्यावर आईने शाळेत नोकरी करून दोन्ही मुलांना शिकवलं होतं. तिचं म्हणणं साधं होतं.

"मी एकदा माझ्या डोळ्यांनी बघते, मनू. पडद्यावर तू मला दिसलीस, पटलीस, तर हर्षला मी गप्प करते. नाही पटलीस, तर सोमवारी मुकाट्याने इंटरव्ह्यूला जायचं. सरी? कबूल?"

"सरी!" मनू म्हणाली होती. तिला काय, चेहरा दाखवायची खोटी!

घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. "यारु" जमलं, आवाज खाली आला, आणि मग तिच्या लक्षात आलं की कॅमेरा तिच्या मागे ठेवलाय.

"सर, माझा चेहरा?"

"चेहरा नको," प्रणीत म्हणाला. "मला पाठ हवी. बातमी पाठीवर पडलेली दिसली पाहिजे."

तेवढ्यात मॉनिटरजवळून अस्सल घरचा आवाज आला, "मनू, तोंड कुठाय गं तुझं? मघापासून नुसता अंबाडाच बघतेय मी."

टेक सुरू झाले. दीर दारात यायचा, सांगायचा, आणि मनूचा खांदा आपोआप कॅमेऱ्याकडे वळायचा. कट. पुन्हा. पुन्हा खांदा. कट. नाट्यशाळेतले सर म्हणायचे, प्रेक्षकाला पाठ दाखवणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवणं. ते हाडामासात मुरलेलं. मनाने ती गिरिजा होत होती, पण शरीर काही केल्या पाहुण्यांचं स्वागत सोडेना. एकदा तर तिने खांदा दाबून धरला आणि मानच वळली.

खिडकीतून येणारं ऊन ओट्यावरून सरकत चाललं होतं. प्रणीतला तेच ऊन हवं होतं. त्याने कपाळ चोळलं आणि आपल्या असिस्टंटला हाक मारली. "दिव्यश्री, तू नेस ती साडी. पाठच तर हवी आहे. कुणाचीही चालेल."

तो हे कन्नडमध्ये बोलला, पण आईला कन्नड मराठीपेक्षा चांगलं कळायचं. तिने पर्स आणखी घट्ट धरली. दिव्यश्री दुसरी तशीच साडी उचलून अवघडल्यासारखी उभी राहिली. चेहरा गेला होताच, आता पाठही चालली! आणि तीसुद्धा आईच्या देखत.

"सर, एक टेक," ती म्हणाली. "एकच."

प्रणीतने खिडकीकडे पाहिलं. "सरी. लास्ट."

मनू ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तवा तापत होता. पाठीने काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मग तिला वाटलं, शिकवलं नसेल, पण आपण बघितलंय की.

ती तेव्हा दहावीत होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होती आणि आई ओट्याशी डब्यासाठी पोळ्या करत होती. दारात अरविंदकाका आले आणि म्हणाले, "वहिनी, के. आर. पुरमला स्टेशनवरच... दादा गेला." त्या दिवशीचा आईचा चेहरा मनूला आठवत नव्हता, कारण आई वळलीच नव्हती. आठवत होती ती फक्त पाठ.

"ॲक्शन."

पावलं वाजली. "यारु?" तिने विचारलं, पोळपाटावरून नजर न काढता. दिराने सांगितलं. लाटणं थांबलं. खांदा हलला नाही. मग लाटणं पुन्हा फिरलं. तिने चपाती तव्यावर टाकली, उलटली, कडा फडक्याने दाबल्या, जशा रोज दाबतात तशाच. फक्त मानेपासून कमरेपर्यंत काहीतरी ताठ होत गेलं. पदर कमरेला खोचलेला होता, तो तिने आणखी आत खोचला. "यावाग?" हे इतकं हळू, की साउंडवाल्याने आता हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. फुगलेली चपाती तिने डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

कट कुणी म्हणेचना. मग प्रणीत म्हणाला. आणि पाठोपाठ, "ओके! सुपर! ओके!" आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागला. दिव्यश्री निऱ्या अर्धवट हातात धरून नाक ओढत होती. साउंडवाल्याने लांबून अंगठा दाखवला. जमलं! अहो, जमलं! मनूचे पाय जमिनीवर ठरेनात. चपातीचं पीठ लागलेल्या हातांनीच ती मॉनिटरकडे धावली.

"आई! बघितलंस?"

आई मॉनिटरकडे बघत होती. पडदा तर काळा झाला होता. तेव्हा कुठे मनूला उमगलं की आपण काय केलं. आईचं सगळ्यात खासगी जे काही होतं, ते न विचारता आपण पन्नास माणसांसमोर मांडलं. पिठाचे हात तिने पदराला पुसले.

"मी अशी दिसत होते होय?" आईने विचारलं.

"आई... विचारायला हवं होतं गं मी. चुकलं माझं."

"मला माझी पाठ कशी दिसणार? आज बघितली." आईने काळ्या पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, "गॅस राहिला तुझा."

"काय?"

"गॅस बंद केला होता मी. डब्याला झाकण घातलं, मग गॅस बंद केला, आणि मगच खाली बसले. तू तसाच ठेवलास. तवा जळला असता ना."

मनू तशीच उलट्या पावली पळाली. "सर! सर, वन मोर! एक राहिलंय!"

प्रणीतने नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. ऊन ओट्यावरून उतरलं होतं. माणसं वायरी गुंडाळू लागली होती. "जे आलं ते सोनं आहे," तो म्हणाला. "आता जेवून घ्या."

ती परत आली तर लाल खुर्ची रिकामी होती. पर्स खुर्चीवरच. आई कधीच पर्स अशी टाकत नसे, म्हणून मनू घाबरून इकडेतिकडे बघायला लागली.

आई सेटवरच्या स्वयंपाकघरात होती. दिवे विझत होते, लोक तिच्या बाजूने स्टँड उचलून नेत होते आणि ती ओट्याशी उभी होती. गॅस केव्हाच बंद केलेला होता. तरी तिने बटण एकदा फिरवून पाहिलं.

"हर्षला मी सांगते," ती तशीच, न वळता म्हणाली. "सोमवारचं राहू दे म्हणून."

मनू उंबऱ्यातच थांबली. नाचावंसं वाटत होतं आणि पाऊल उचलत नव्हतं. आईची पाठ समोर होती, पुढे जावं की न जावं हे तिला कळेना.

जरा वेळाने आई वळली. तिने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. मनूला नीट बघू दिलं.

"चल," म्हणाली, "जेवायला वाढलंय म्हणे."