चौसष्ट सालचं टेबल

ग्रंथालयातल्या सगळ्या माणसांना त्या दिवशी वाचनकक्षात बोलावलं होतं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी चार टेबलं मांडून त्यांवर चार पाट्या ठेवल्या होत्या: बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी. ज्यानं त्यानं आपलं जन्मसाल बघून बसायचं. बूमरांचं टेबल चौसष्ट सालाशी संपत होतं आणि तिथं दोनच माणसं आली, हेडक्लार्क आणि बाइंडर.

दोघं शाळेत एकाच वर्गातले. बाइंडर वर्गात सगळ्यांत बुटका, त्यामुळे खेळात त्याला कुणी धरत नसे. बाद झाला तरी तो आपला पळत राहायचा. हेडक्लार्कनं तेव्हाच त्याचं नाव लिंबूटिंबू ठेवलं. पुढे त्याचं लिंब्या झालं आणि केस पिकले तरी ते काही सुटलं नाही.

बाईंनी प्रत्येक पिढीची लक्षणं वाचून दाखवली आणि विचारलं, हे वर्णन तुम्हाला आपलं वाटतं का? झालं, जो तो उठायला लागला. काउंटरवरची मुलगी म्हणाली की तिच्या पिढीला फोनवेडी म्हणतात, पण ती बहिणीला अजून शाईच्या पेनानं पत्रं लिहिते. शिपाई म्हणाला, त्याचं साल एकोणऐंशी असलं तरी गुडघे कुठल्या पिढीचे आहेत ते बघावं लागेल. हेडक्लार्कनं तर उभं राहून जाहीर केलं, "आम्ही म्हणे हट्टी. हे मला मान्य नाही, आणि कुणी कितीही समजावलं तरी मी मानणार नाही." सगळे हसले.

बाइंडरची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मी खरं तर इथं..." आणि थांबला. बाईंना वाटलं, बुजरे आहेत. त्या पुढे गेल्या.

बाकीच्यांना पिढीचं नाव पटत नव्हतं. याचं सालच याचं नव्हतं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात जन्मला तो त्याचा थोरला भाऊ. दीड वर्षाचा होऊन तो तापात गेला. दोन महिन्यांनी, सहासष्टच्या जानेवारीत, हा झाला. आईनं याला तेच नाव ठेवलं आणि नवा दाखला काढलाच नाही. पेटीत होता तोच चालवला. कागदाप्रमाणे सहा वर्षांचा झाला म्हणून तिनं चार वर्षांच्या पोराला शाळेत बसवलं. हे सगळं त्याला मावशीनं सांगितलं, तेही त्याच्या लग्नात, एका कोपऱ्यात नेऊन. आईला कधी विचारू नकोस, असंही ती म्हणाली. त्यानं विचारलं नव्हतं.

दुपारी डबा खाताना कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून ते हेडक्लार्कपाशी निघून गेलं. हेडक्लार्कचा घास हातातच राहिला. "म्हणजे आम्ही तुला उगाच लिंब्या म्हणत नव्हतो," तो म्हणाला. पण मग हसला नाही. दोघंही दोन महिन्यांनी, साठ पूर्ण झाली म्हणून, निवृत्त होणार होते. हेडक्लार्कला घरी जायची घाई होती. बाइंडरला नव्हती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याच्यानंतर बाइंडिंगची खोली बंद व्हायची होती. कसर लागलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचे बावन्न खंड अजून शिवायचे होते. एखादं पान हरवलेलं असलं की तो त्याच जाडीचं कोरं पान तिथं शिवायचा, म्हणजे पुस्तक एका बाजूला बसत नाही. हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

हेडक्लार्कनं नियम धुंडाळला. आई हयात आहे, तिनं सहीनिशी लिहून द्यायचं की थोरला मुलगा वारला आणि हा दुसरा. शुक्रवारच्या आत कागद आला की पावणेदोन वर्षं मिळतील. मजकूरही त्यानंच लिहून दिला.

आई ऐंशीची. खिडकीशी बसून जुना स्वेटर उसवत होती. तिनं कागद हातात घेतला आणि भिंग धरून, ओठ हलवत, सावकाश वाचला. 'मृत' या शब्दापाशी भिंग थांबलं.

"हे कुणी लिहिलं?"

"हेडक्लार्कनं. चूक दुरुस्त करायची म्हणून."

"चूक नव्हती ती," आई म्हणाली.

मग तिनं लोकर बाजूला ठेवली आणि अठ्ठावन्न वर्षांत जे बोलली नव्हती ते सांगितलं. तो गेला तेव्हा हा सातव्या महिन्यात पोटात होता. सगळ्या बायका म्हणाल्या, रडू नकोस, पोटातल्याला सोसणार नाही. म्हणून ती रडली नाही. मग हा झाला, आणि रडायला सवड राहिली नाही. तो गेल्याचं तिनं कुठल्याच कचेरीत कळवलं नाही.

"म्हटलं, कागदावर तरी राहू दे. तुला हाक मारली की दोघं ओ देताहेत असं वाटायचं."

तिनं पेन मागितलं. "तुझी दोन वर्षं मीच घेतली. आण, करते सही."

पेनाचं टोक कागदाला लागलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला, अक्षर उमटेना. बाइंडरनं हळूच कागद ओढून घेतला. "राहू दे आई. एवढी काही निकड नाही."

निकड होती. शुक्रवार आला आणि गेला. हेडक्लार्क चिडला. "जन्मभर दुसऱ्याचा डाव खेळलास, लिंब्या," तो म्हणाला, आणि दोन दिवस डब्याला आला नाही.

शेवटच्या दिवसापर्यंत बाइंडरनं तेहतीस खंड शिवले. एकोणीस राहिले. त्यानं भांड्यातली खळ ओतून दिली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवली. ती नोंदवून घेणं हेडक्लार्कचंही शेवटचंच काम होतं.

घरी आई दाराकडे तोंड करून बसली होती. किल्ली दिलीस का, तिनं विचारलं. दिली, तो म्हणाला आणि तिच्याजवळ बसला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "साठ झाली."

दरवर्षी हा आकडा तीच सांगायची. आज तिनं त्याचा हात चाचपला. बोटांवर खळ वाळून चिकटली होती, ती नखानं खरवडत बसली.

"त्याला झाली," ती म्हणाली. "तुला अजून दोन वर्षं आहेत."

कागद द्यायची मुदत संपून सात आठवडे झाले होते. एक हात झाल्यावर तिनं दुसरा मागितला, आणि त्यानं तो दिला.